सरकारच्या नावाचे तोतये

मराठी भाषेतील ‘तोतया’ ह्या शब्दामागे एक संपूर्ण इतिहास उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; परंतु त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनाची खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांनी तर वैधव्य मानण्यासच नकार दिला. लोकांच्या ह्या आशेचा आधार घेऊन सुखलाल नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊसाहेब’ असे म्हणत पुढे आला. त्यास पकडून कैदेत ठेवण्यात आले. पुढे तो रत्नागिरीच्या किल्ल्यात असता, १७७६ साली तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे ह्यांनीच त्याचा पक्ष घेतला, आणि पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्या तोतयाच्या हाती गेले. हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. अखेर तो पराभूत होऊन पकडला गेला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात त्यास देहदंड झाला. न. चिं. केळकर ह्यांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक ह्याच प्रकरणावर बेतलेले आहे.

आम्हां बऱ्हाणपूरकरांस ही कथा विशेष जवळची वाटते. १७६० साली उदगीरच्या लढाईत भाऊसाहेबांनी निजामास नमविले, तेव्हाच्या तहान्वये असीरगड आणि बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी पानिपताकडे निघालेली त्यांची सेना तापी ओलांडून ह्याच शहरावरून उत्तरेस गेली. परंतु येथे ही कथा सांगण्याचे कारण निराळे आहे. त्या तोतयापाशी खजिना नव्हता, फौज नव्हती, शिक्का नव्हता. त्याच्यापाशी होते ते केवळ एक मोठे नाव. त्या नावाचा धाक आणि त्या नावाविषयीची श्रद्धा ही दोन्ही लोकांच्याच मनात होती. लोकांनी स्वतःपाशी असलेले बळ त्याच्या हवाली केले, आणि तो बलवान झाला.

आज आमच्या घराघरांत, हातातल्या लहानशा यंत्रातून, असेच तोतये शिरू लागले आहेत. ते कोणा सेनापतीचे नाव सांगत नाहीत. ते सरकारचे नाव सांगतात.

निरोप येतात ते कसे?

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे आणि केळीच्या बागांचे गाव. सरकारी शाळेत येणारी आमची बहुतेक मुले माग चालविणाऱ्यांची, बागेत राबणाऱ्यांची, लहानसहान दुकानदारांची आहेत. ह्या घरांतून सरकारशी येणारा संबंध आता मोबाइलवरूनच अधिक येतो. समग्र आयडीची ई-केवायसी करावयाची असते. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी बँकेचे खाते आधारशी जोडावयाचे असते. शेतकऱ्यास पीएम किसानचा हप्ता आणि गृहिणीस लाडली बहनाची रक्कम जमा झाल्याचा निरोप येतो. हे सर्व खरे निरोप होत. शाळेच्या सूचनाफलकावरही अशा सूचना लागतात, आणि पालकांनी त्या पाळाव्या म्हणून शिक्षक घरोघर फिरतात. नेमक्या ह्याच सवयीचा लाभ घेऊन भामटा खऱ्या निरोपांच्या रांगेत आपला निरोप हळूच सरकवून देतो.

आमच्याकडे पालक असे निरोप दाखवावयास आणतात. त्यांतील काही नमुने वाचकांच्याही परिचयाचे असतील.

‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल, त्वरित अमुक अधिकाऱ्यास फोन करावा’ हा एक. ‘आपले पार्सल डाकघरात आले आहे, पत्ता अपूर्ण आहे, चोवीस तासांत पुढील लिंकवर पत्ता भरून किरकोळ शुल्क द्यावे’ हा दुसरा. ‘आपला आयकराचा परतावा मंजूर झाला आहे, खाते क्रमांक पडताळून पाहा’ हा तिसरा. ‘आपल्या वाहनाने वाहतुकीचा नियम मोडला, सोबतच्या फाइलमध्ये चलान पाहा’ हा चौथा. आणि ‘पीएम किसान’ नावाची फाइल पाठविणारा पाचवा. सहावा प्रकार बोलका असतो. शिक्षण विभागातून बोलतो असे सांगणारा मनुष्य विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता बिनचूक सांगतो आणि ‘शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे, मोबाइलवर आलेले आकडे वाचून दाखवा’ अशी आज्ञा करतो.

ह्यांपैकी फाइलचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ज्या फाइलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा असतो, ती फाइल म्हणजे कागद नव्हे. तो मोबाइलमध्ये बसणारा एक कार्यक्रम असतो. ती उघडून ‘होय, होय’ म्हणत गेले की, तो कार्यक्रम मोबाइलवर येणारे संदेश वाचण्याची परवानगी मिळवितो. मग बँकेने खातेदारास पाठविलेला ओटीपी खातेदाराच्या आधी भामट्याच्या दृष्टीस पडतो. चलान पाहावयास गेलेल्या माणसाने कोणास काही सांगितलेले नसते, कोठे सही केलेली नसते. तरी सकाळी खाते रिकामे झालेले असते. वाहनाचे खरे चलान परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहता येते; ते पाहण्यासाठी कोणाची फाइल उघडण्याचे कारण नाही.

सरकार लिहिते कसे?

सरकारी नोकरीत तीस वर्षांहून अधिक काळ गेल्यामुळे सरकारचे कागद वाचण्याची आम्हांस सवय झाली आहे. त्या कागदांची थट्टा पुष्कळ होते, आणि ती अगदीच अनाठायी असते असेही नाही. परंतु सरकारच्या ज्या सवयींस आपण हसतो, त्याच सवयी खऱ्याखोट्याची पारख करण्यास उपयोगी पडतात.

पहिली सवय म्हणजे क्रमांक. सरकारी पत्रास जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, विषय असतो, संदर्भ असतो आणि खाली सही करणाऱ्याचे पद असते. ज्या कचेरीतून ते निघाले, त्या कचेरीच्या वहीत त्याची नोंद असते. आयकर खात्याने १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या पत्रव्यवहारावर एक स्वतंत्र दस्तऐवज क्रमांक घालण्याची पद्धत सुरू केली असून, नोटीस खरी की खोटी हे त्या क्रमांकावरून खात्याच्या संकेतस्थळावर कोणासही तपासता येते.

दुसरी सवय म्हणजे मंदगती. सरकार मुदत देते. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकास किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. तेव्हा ‘आज रात्री साडेनऊ वाजता’ असे म्हणणारा जो कोणी असेल, तो त्या कायद्याप्रमाणे चालणारा नव्हे, एवढे त्या एका वाक्यावरूनच ओळखता येते.

तिसरी सवय म्हणजे पावती. सरकारकडे भरलेला पैसा सरकारच्या खात्यात जातो आणि त्याची पावती मिळते. एखाद्या व्यक्तीच्या नावे असलेल्या खात्यात ‘तपासणीपुरते’ पैसे ठेवा आणि नंतर परत घ्या, असा व्यवहार कोणत्याही खात्याच्या नियमांत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सरकारी पत्र चारचौघांत दाखविता येते. ते घेऊन वकिलाकडे जाता येते, त्याच्याविरुद्ध अपील करता येते, ते कळत नसेल तर शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेता येते. ‘हे कोणास सांगू नका, घरच्यांसही नाही’ असे सरकार नागरिकास लिहीत नाही. जो असे म्हणतो, त्याला आपण एकटे हवे असतो.

संकेतस्थळाच्या पत्त्याविषयीही दोन शब्द. टपालाचा पत्ता वाचताना पत्र कोणत्या प्रांतात जाणार हे शेवटच्या ओळीवरून कळते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वी जो भाग येतो, त्याचा शेवट पाहावा. केंद्र व राज्य सरकारांच्या स्थळांचा शेवट बहुधा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो. भामटे ‘जीओव्ही’ ही अक्षरे पत्त्याच्या मध्ये घुसवितात आणि शेवट भलताच करतात. वीज कंपन्यांची स्थळे मात्र ह्या नियमात बसतीलच असे नाही. म्हणून विजेच्या बाबतीत जुन्या छापील बिलावर जो पत्ता व जो क्रमांक असेल, तोच ग्राह्य धरावा. तसेच २०२५ सालापासून एसएमएस पाठविणाऱ्या संस्थेच्या नावापुढे एक अक्षर लावण्याची पद्धत दूरसंचार नियामकाने सुरू केली आहे. सरकारी संदेशाच्या नावापुढे ‘जी’ हे अक्षर येते. दहा आकडी साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला ‘सरकारी’ संदेश संशयास पात्र समजावा.

मात्र ह्या सर्व खुणा सांगितल्यावर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. राजमुद्रा छापता येते, शिक्का उमटविता येतो, सहीची नक्कल करता येते, क्रमांक मनाने घालता येतो. केवळ कागद पाहून निर्णय करणारा मनुष्य आज ना उद्या फसण्याचा संभव आहे. म्हणून खरी कसोटी एकच. निरोपात जो फोन किंवा जी लिंक दिली असेल, ती सोडून द्यावी आणि आपण स्वतः शोधलेल्या वाटेने त्या कचेरीपर्यंत जावे. वीज कंपनीचा निरोप असेल तर वीज केंद्रावर, डाकघराचा असेल तर पोस्टमनकडे, शिष्यवृत्तीचा असेल तर शाळेत. खऱ्या कचेरीस दार असते. तोतयाच्या कचेरीस ते नसते. म्हणून तो आपणास घराबाहेर पडू देत नाही.

घरातल्या घरात कैद

घराबाहेर पडू न देण्याची ही युक्ती ज्या प्रकारात पराकोटीस गेली आहे, त्यास ‘डिजिटल अरेस्ट’ असे नाव पडले आहे. त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम फोन येतो तो दूरसंचार खात्याचा किंवा कुरिअर कंपनीचा म्हणून. ‘आपला क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे’, किंवा ‘आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले आहेत’ असे सांगण्यात येते. ऐकणारा गोंधळतो, तोच फोन ‘पोलिसां’कडे जोडून दिला जातो. मग व्हिडिओवर गणवेषातला मनुष्य दिसतो. त्याच्या मागे पोलिस ठाण्याचा देखावा असतो. आपल्या आधार क्रमांकावर कोठे तरी खाते उघडले असून त्यातून काळ्या पैशांचे व्यवहार झाले आहेत, असे तो सांगतो. अटकेचा हुकूम दाखविला जातो. नंतर थोडी दया दाखविली जाते : वय पाहून ठाण्यात न आणता घरीच ‘नजरकैदेत’ ठेवतो, मात्र कॅमेरा बंद करावयाचा नाही, कोणाशी बोलावयाचे नाही, आणि सर्व ठेवी पडताळणीसाठी सरकारच्या ‘सुरक्षित’ खात्यात पाठवावयाच्या. निर्दोष ठरल्यास पैसे परत मिळतील.

वाचणाऱ्यास वाटेल की, ह्यास कोण फसेल? परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे प्रसिद्ध उद्योगपती श्री. एस. पी. ओसवाल ह्यांस सीबीआयच्या नावाने ह्याच रीतीने गाठण्यात आले, व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी उभी करण्यात आली, आणि तीत तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ह्यांच्या नावाने एक तोतया बसविण्यात आला. सात कोटी रुपये गेले. त्यांनी पोलिसांकडे धाव घेतल्यामुळे त्यांतील सव्वापाच कोटींच्या आसपास रक्कम परत मिळविता आली. आमच्याच मध्य प्रदेशात, २०२५ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत, ग्वाल्हेरच्या एका आश्रमाच्या सचिवांस नाशिक पोलिसांच्या नावाने धाक घालून सव्वीस दिवस अशा बंधनात ठेवण्यात आले आणि दोन कोटी बावन्न लाख रुपये उकळण्यात आले. उद्योगपती काय, संन्याशी काय, विद्या अथवा विरक्ती ह्यांपैकी कोणतीही गोष्ट येथे कवच ठरली नाही.

सरकारने २०२५ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार, डिजिटल अरेस्ट व तत्सम गुन्ह्यांच्या २०२२ मध्ये ३९,९२५ तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत सुमारे ९१ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये तक्रारींची संख्या १,२३,६७२ आणि रक्कम सुमारे १,९३५ कोटी रुपये झाली. म्हणजे दोन वर्षांत तक्रारी तिप्पट झाल्या, पण लुटीची रक्कम एकवीस पट झाली. भामटे आता मोठी घरे हेरू लागले आहेत, असा ह्या आकड्यांचा अर्थ दिसतो. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ह्या विषयावर सविस्तर इशारा दिला. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा देशभर तपास करण्याचे काम सीबीआयकडे सोपविले. म्यानमार, कंबोडिया अशा देशांतून ह्या धंद्याची मोठी केंद्रे चालतात, आणि नोकरीच्या आमिषाने नेलेली आपल्याच देशातील तरुण मुले तेथे डांबून ठेवून त्यांच्याकडून हे काम करवून घेतले जाते, हेही आता उघड झाले आहे. तेव्हा परदेशातील भरघोस पगाराच्या संगणकी नोकरीचा निरोप आपल्या मुलास आला, तर तोही त्याच सावधपणे पारखावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. फोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. अटक झालेल्या प्रत्येक माणसास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, हा संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती सोडून, अटक करता येत नाही. पोलिसांनी चौकशीस हजर राहण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमाखाली द्यावयाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. सरकारी अधिकाऱ्याचे सोंग घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या २०४ व्या कलमान्वये गुन्हा आहे. म्हणजे व्हिडिओवर ‘तुम्ही गुन्हेगार आहात’ म्हणून दरडावणारा मनुष्य त्या क्षणी स्वतःच गुन्हा करीत असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भोपाळ येथे एक व्यावसायिक गृहस्थ अशा ‘कैदेत’ असतानाच राज्य सायबर पोलिसांस त्याची कुणकुण लागली, आणि पोलिस त्यांच्या घरी पोहोचले. कॅमेरा चालूच होता. खऱ्या पोलिसांनी खोट्या अधिकाऱ्यांस ‘तुमची ओळख दाखवा’ म्हणताच पलीकडून संपर्क तुटला, आणि पैसे वाचले. एका साध्या प्रश्नासरशी सोंग गळून पडले. परंतु तो प्रश्न विचारण्यासाठी दुसरा कोणी तरी मनुष्य खोलीत यावा लागला.

आपल्या घरांचे दुबळे स्थान

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी ह्या बाबतीत दोन गोष्टींचा विशेष विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट भाषेची. अशा फोनमध्ये मुंबई पोलिसांचे नाव फार वेळा घेतले जाते. हिंदी बोलणाऱ्या गृहस्थास ते दूरच्या शहराचे पोलिस वाटतात. परंतु बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरात जेव्हा फोनवरचा ‘इन्स्पेक्टर’ अस्खलित मराठीत ‘काका, घाबरू नका, मी आहे’ असे म्हणतो, तेव्हा परमुलखात आपला माणूस भेटल्याचा आनंद भीतीतही होतो. बाजारात आयुष्यभर हिंदी बोलून घरी आल्यावर जी भाषा आपण बोलतो, त्या भाषेत कोणी बोलले की, मनाचे दार नकळत उघडते. भामटा ते जाणतो. म्हणून आपल्या भाषेचे प्रेम जरूर ठेवावे, पण भाषेस ओळखपत्र मानू नये.

दुसरी गोष्ट स्वभावाची. आमच्या समाजात नोकरी करून सचोटीने निवृत्त झालेली माणसे पुष्कळ. कोर्टाची पायरी चढलो नाही, ठाण्याचे तोंड पाहिले नाही, हे आपण भूषणाने सांगतो. आणि ज्याने उभ्या जन्मात ठाणे पाहिले नाही, त्यास खोटे ठाणे ओळखता येत नाही. ज्यास अब्रू प्राणाहून प्रिय, त्यास अब्रूचा धाक लवकर लागू पडतो. मुले पुण्यास, बंगळूरास किंवा समुद्रापलीकडे. घरात दोन वृद्ध माणसे. निवृत्तीची पुंजी बँकेत. ‘मुलांस त्रास कशाला’ ही मायेची सवय. ह्या सर्व चांगल्याच गोष्टी आहेत, आणि ह्याच चांगल्या गोष्टींवर तो धंदा चालतो.

आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांस असा फोन आला असता त्यांच्या सूनबाईंनी दार वाजविले. आतून उत्तर आले, ‘काम चालू आहे.’ बाईंच्या मनात शंका आली. त्या सरळ आत गेल्या, आणि मोबाइलसमोर हात जोडून बसलेल्या मामंजींना पाहून त्यांनी तो मोबाइल पालथा घातला. ‘मामंजी, पोलिस असतील तर घरी येतील, आपण चहा करून ठेवू,’ एवढेच त्या म्हणाल्या. पोलिस आले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्या गृहस्थांस झोप लागेना. पैसे गेले नव्हते, तरी आपण हात जोडले ह्याचे शल्य त्यांच्या मनात राहिले. त्या घराने त्यांची थट्टा केली नाही, हे आम्ही त्या घराचे मोठेपण मानतो.

फसगत झालीच तर

पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने हलविला जातो. ही खाती बहुधा थोड्याशा मोबदल्यासाठी भोळ्या किंवा लोभी माणसांनी वापरावयास दिलेली असतात. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी ती रक्कम वाटेतच अडविली जाण्याची आशा अधिक. म्हणून रात्र असो की सुटीचा दिवस असो, थांबू नये. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि जवळच्या ठाण्यात जावे. आलेले संदेश, क्रमांक आणि पैसे पाठविल्याचे पुरावे पुसून टाकू नयेत. लाजेने पुसलेला संदेश हा भामट्यास केलेले साहाय्य होय. संशयित फाइल उघडली गेली असल्यास मोबाइलचे इंटरनेट तत्काळ बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोलावे. पैसे गेले नसतील, केवळ संशयित फोन किंवा संदेश आला असेल, तर ‘संचार साथी’च्या ‘चक्षु’ ह्या सोयीवर तो कळविता येतो. त्यामुळे पुढचे एखादे घर वाचू शकते.

आणखी एक सूचना. गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणून काही दिवसांनी दुसराच ‘अधिकारी’ किंवा ‘वकील’ फोन करतो व आगाऊ शुल्क मागतो. तो बहुधा पहिल्याचाच भाऊबंद असतो.

सर्वांत कठीण काम मात्र पोलिसांचे नव्हे, घरच्यांचे आहे. फसलेल्या माणसास पहिला प्रश्न ‘तुम्हांला एवढेही कळले नाही?’ असा विचारला गेला, तर तो पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही. जो आपल्या वडिलांस असे बोलतो, तो नकळत भामट्याचीच अट पाळतो; कारण घरच्यांपासून लपवावे, हीच तर त्याची पहिली अट होती. शाळेत आम्ही मुलांस सांगतो की, गणित चुकले तर वही लपवू नका, पुढे आणा. घरातील वडीलधाऱ्यांसही हा विश्वास वाटला पाहिजे.

म्हणून प्रत्येक घराने ह्याच महिन्यात, एखाद्या रविवारी सर्व जण जमले असता, एक नियम ठरवावा. कोणत्याही अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पैसे पाठविण्यापूर्वी, मग तो स्वतःस कलेक्टर म्हणवो की न्यायाधीश, घरातील एका माणसास सांगावयाचे. ते माणूस दूरदेशी असेल तर फोन करावयाचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी करावयाचा, आणि त्याने कुरकुर न करता तो घ्यावयाचा. नियम आजोबांस लागू, तसाच नुकत्याच नोकरीस लागलेल्या नातवासही लागू. कारण तरुणांस गाठणारे निरोपही कमी नाहीत. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्या शेजारी एका कागदावर ठळक अक्षरांत १९३० हा आकडा, आपल्या बँकेच्या शाखेचा क्रमांक आणि घरातील त्या माणसाचा क्रमांक लिहून चिकटवावा. चष्मा नसतानाही वाचता येईल एवढी अक्षरे मोठी असावीत.